साखळी की सांधा

अमेरिकेत नवा पिकअप ट्रक घेणाऱ्याला गाडी नोंदवतानाच एक प्रश्न सोडवावा लागतो. पुढे कधी गाडीमागे होडी, घोड्यांचा डबा किंवा चाकांवरचे घर ओढायचे असेल, तर कारखान्यातूनच ‘टो पॅकेज’ बसवून घ्यायचे, की गाडी साधीच घेऊन नंतर बाहेरच्या दुकानातून मागे जोडणी बसवून घ्यायची? बाहेरची जोडणी बहुधा स्वस्त पडते, आणि दोन्हींचा डोळ्यांना दिसणारा भाग जवळपास सारखाच असतो: मागच्या बंपरखाली चेसिसला आवळलेली, चौकोनी तोंडाची पोलादी नळी. त्यामुळे चर्चा सहसा या नळीच्या किमतीवर येऊन थांबते. माझ्या मते ती चुकीच्या जागी थांबते. ओढणाऱ्या यंत्राचा तोल, त्याच्या चाकांची पकड आणि त्याला लागणारी धाप या तिन्ही गोष्टी मागच्या त्या एका सांध्यातून ठरतात, आणि हे मोटारवाल्यांच्या कितीतरी आधी शेतात सिद्ध झालेले आहे. १९१७ ते १९५९ या काळात ट्रॅक्टर आणि नांगर यांच्यामधल्या हातभर जागेपायी माणसे मेली, कारखाने उभे राहिले आणि बुडाले, कोट्यवधी डॉलरचा खटला उभा राहिला. कारखान्याची जोडणी की बाहेरची, या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासात आहे आणि ते दोन पायांवर उभे आहे. सांध्याच्या आतली करणी यंत्र घडवणाऱ्यानेच यंत्रासोबत करायला हवी. सांध्याचे माप मात्र कुणा एकाच्या मालकीचे असता कामा नये.

सुरुवात बैलांच्या नांगरापासून करायला हवी, कारण ट्रॅक्टरवाल्यांनी आपली पहिली चूक तिथूनच उचलली. लाकडी नांगराचे इसाड जुवाला बांधलेले असते. ते पुढे-मागे सरकवून बांधले की फाळाचा कल बदलतो, तास खोल किंवा उथळ जाते, आणि रुमण्यावरचा हात ही खोली पावलापावलाला सावरत असतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर घडवला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या नांगराने माती उलथवण्याची रीत बदलली, पण ओढण्याची रीत जुनीच राहिली: पुढे जनावर, मागे अवजार, मध्ये इसाड किंवा साखळी. या रचनेत साखळीला काही कळावे लागत नाही, कारण कळणारे दोघे तिच्या दोन टोकांना असतात. फाळ मुळीत अडकला की बैल थांबतो. नांगऱ्या नांगर मागे घेतो, थोडा उचलतो, बैलांना पुन्हा हाक देतो. जमीन किती हट्टी आहे आणि आपल्या खांद्यात किती बळ आहे, याचा हिशेब बैल स्वतः करतो. हजारो वर्षे मधली जोडणी मुकी राहू शकली ती या जाणकार जनावराच्या भरवशावर.

१९१७ साली हेन्री फोर्डने अमेरिकेत फोर्डसन ट्रॅक्टर बनवायला घेतला, तेव्हा त्याने जनावराच्या जागी यंत्र ठेवले आणि मागची मुकी साखळी तशीच ठेवली. सुमारे बाराशे किलोचा हा ट्रॅक्टर पुष्कळांना परवडत होता. १९२२ मध्ये फोर्डने त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत खाली आणली, आणि त्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरांपैकी निम्म्याहून अधिक फोर्डसन असत. नांगर मात्र फोर्डचा नसे. तो ऑलिव्हरसारख्या अवजारांच्या कंपनीकडून घ्यायचा आणि ट्रॅक्टरच्या मागच्या ओढदांडीला अडकवायचा. असा नांगर दगडाला किंवा मुळीला अडला, की मागची चाके जागच्या जागी थांबत. इंजिनाला त्याची खबर नसे. ते ॲक्सलला पीळ देतच राही. चाक फिरत नाही म्हणून मग ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरे. त्याचे तोंड वर उचलले जाई आणि एक-दोन क्षणांत सगळे धूड चालवणाऱ्याच्या अंगावर उताणे पडे. फोर्डसनखाली सापडून मेलेल्यांचा आकडा शंभरावर गेल्याचे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अमेरिकेत छापून आले होते. पुढे मागच्या चाकांवर लांब, खाली उतरणारे मडगार्ड आले, ट्रॅक्टर उलटू लागला तर ते आधी जमिनीला टेकावेत म्हणून. त्याने काही जीव वाचलेही असतील, पण दुखणे जोडणीत होते आणि तिला कुणी हात लावला नव्हता. एक गोष्ट इथेच सांगायला हवी: फोर्डसनची ती ओढदांडी कारखान्यातच बसवलेली होती. कारखान्याचा शिक्का म्हणजे विचारपूर्वक केलेली जोडणी, असे मानायला इतिहास परवानगी देत नाही. प्रश्न बसवणाऱ्याचा पत्ता विचारून सुटत नाही. यंत्राचा नकाशा काढताना मागून येणाऱ्या ओढीचा विचार झाला होता का, हे विचारावे लागते.

हा विचार ज्याने केला तो कारखान्याबाहेरचा माणूस होता. हॅरी फर्ग्युसनचा जन्म १८८४ मध्ये उत्तर आयर्लंडच्या डाउन परगण्यातल्या शेतकरी कुटुंबात झाला. तो शेतीत रमला नाही, बेलफास्टला मोटारींच्या धंद्यात शिरला, आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी स्वतः बांधलेले विमान उडवून आयर्लंडमधला पहिला विमानचालक ठरला. महायुद्धात अन्नधान्याची चणचण भासू लागली तेव्हा, १९१७ मध्ये, शेतांवरच्या ट्रॅक्टरांचे काम सुधारण्याची जबाबदारी सरकारने त्याच्यावर सोपवली. विली सँड्स या आपल्या कुशल मिस्त्रीला घेऊन तो आयर्लंडभर शेताशेतांतून फिरला. या फिरतीतून त्याला जे दिसले ते साधे होते, पण तोवर कुणी ते मांडले नव्हते: ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन वेगळी यंत्रे आहेत असे धरून चालल्यामुळे दोन्ही वाया जात होती. नांगराला स्वतःची चाके, स्वतःचे वजन, खोली ठरवायला स्वतःचे तरफदांडे. ट्रॅक्टरला पकड मिळावी म्हणून अंगात ओतलेले जास्तीचे लोखंड. आणि हे सारे लोखंड पाठीवर घेऊन माती तुडवत जाण्यात बरेच तेल संपायचे. त्याचा पहिला नांगर ‘इरॉस’साठी होता. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीला ट्रॅक्टर बनवणारे सुटे भाग तेव्हा बाजारात मिळत, आणि त्यांतल्याच एका संचाचे नाव इरॉस. म्हणजे बाहेरच्या जोडसामानाने बनलेल्या ट्रॅक्टरला लावायचे आणखी एक बाहेरचे जोडसामान. त्यातही फर्ग्युसनने ओढीची जागा मागच्या ॲक्सलच्या पुढे, ट्रॅक्टरच्या पोटाखाली नेली होती, त्यामुळे नांगर अडला तरी तोंड वर उचलले जात नसे.

इथे माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सांध्याची खरी अक्कल बाहेरच्या माणसाकडून आली असेल, तर कारखान्याची बाजू घ्यायचे कारण काय? उत्तर फर्ग्युसनच्याच पुढच्या दहा वर्षांत आहे. इरॉसनंतर त्याने आपले लक्ष फोर्डसनकडे वळवले. एकावर एक अशा दोन समांतर दांड्यांनी नांगर ट्रॅक्टरला बांधून टाकणारी ‘डुप्लेक्स’ जोडणी त्याने बसवली. तिच्यामुळे ट्रॅक्टर मागे उलटणे आवरले. १९२५ मध्ये शर्मन बंधूंना भागीदार घेऊन अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, इव्हान्सव्हिल इथे, या नांगरांचा कारखाना सुरू झाला. नांगर चांगला होता, विकला जात होता. आणि १९२८ मध्ये फोर्डने अमेरिकेतले फोर्डसनचे उत्पादन बंद केले. ज्या यंत्राच्या पाठीवर हा धंदा उभा होता ते यंत्रच राहिले नाही, आणि इव्हान्सव्हिलचा कारखाना पुढे टिकला नाही. दुसरे कारण अधिक खोलचे आहे. खोली आपोआप सांभाळणारी जोडणी करायची तर तेलाच्या दाबावर चालणारी लिफ्ट हवी, आणि ती चालवायला ट्रॅक्टरच्या पोटातच पंप हवा. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला बाहेरून दांड्या लावता येतात, त्याच्या गिअरबॉक्सशेजारी पंप बसवता येत नाही. कल्पना बाहेर जन्मू शकते, हे खरेच. पण ती पूर्ण व्हायला यंत्राच्या आत जागा लागते, आणि ती जागा देणे फक्त यंत्र घडवणाऱ्याच्या हातात असते. फर्ग्युसनला हे कळले तेव्हा त्याने दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरला जोडण्या लावणे सोडून स्वतःचा ट्रॅक्टर करायचे ठरवले. १९३३ साली बेलफास्टमध्ये त्याचा नमुना तयार झाला. सगळा काळ्या रंगाचा, म्हणून त्याला काळा ट्रॅक्टरच म्हणत.

त्या ट्रॅक्टरच्या पाठीवर जे होते त्याला आज आपल्याकडचा कुठलाही ट्रॅक्टरवाला ‘थ्री पॉइंट लिंकेज’ म्हणून ओळखतो: खाली दोन दांड्या, वर मध्ये एक. सुरुवातीला वर दोन आणि खाली एक अशी उलटी मांडणी होती, ती पुढे सुधारली. या तीन सांध्यांचे काम समजले की सगळा वाद समजतो. नांगर माती कापतो तेव्हा माती त्याला मागे रेटते आणि फाळाच्या टोकावर पुढे झुकवू पाहते. खालच्या दोन दांड्या ताणल्या जातात, त्या नांगर ओढतात. वरची दांडी, जिला सगळे टॉप लिंक म्हणतात, ती मात्र दाबली जाते. नांगर तिच्यातून ट्रॅक्टरला पुढे रेटत असतो. या रेट्यामुळे पुढची चाके जमिनीवर टेकून राहतात. त्याच वेळी नांगराचे आणि त्यावरून सरकणाऱ्या मातीचे वजन मागच्या चाकांवर येते आणि पकड वाढते. काम जितके जड, तितकी पकड जास्त. हलका ट्रॅक्टर जड ट्रॅक्टरचे काम करू लागला तो या हिशेबाने. आता यात लिफ्टची भर घाला. टॉप लिंकवरचा दाब एका स्प्रिंगवर येतो आणि स्प्रिंग तेलाची झडप हलवते. जमीन कडक लागली, दाब वाढला, की नांगर किंचित वर उचलला जातो. मऊ लागली की पुन्हा खाली बसतो. आणि फाळ दगडात रुतलाच तर मागच्या चाकांवरचा भार हलका होतो, ती जागच्या जागी फिरत राहतात, ट्रॅक्टर उताणा पडत नाही. बैलाने थांबून सांगायचे ते आता टॉप लिंक सांगत होती, आणि रुमण्यावरच्या हाताचे काम झडप करत होती. हलत्या नांगराची बातमी यंत्राच्या पोटात पोचवणारा हा सांधा होता. असा सांधा बाजारातून आणून मागाहून लावता येत नाही, एवढेच मला या यंत्रशास्त्रातून दाखवायचे आहे. श्रेय एकट्या फर्ग्युसनला देणे बरोबर होणार नाही, हेही नोंदवायला हवे. सँड्ससारख्या सहकाऱ्यांचे हात त्यात होते, आणि यंत्राच्या बळावर अवजार उचलण्याचे प्रयत्न इतर कंपन्याही करत होत्या. उचलणे, ओढणे आणि जाणणे या तिन्ही गोष्टी एका सांध्यात आणणे हे या मंडळींचे काम.

१९३६ मध्ये यॉर्कशरच्या डेव्हिड ब्राउनने हा ट्रॅक्टर बनवायला घेतला. तो २२४ पौंडांना होता, फोर्डसन त्याहून बराच स्वस्त मिळे, आणि शिवाय शेतकऱ्याच्या घरात पडलेले एकही जुने अवजार त्याला चालत नसे. प्रत्येक अवजार फर्ग्युसनचेच नव्याने घ्यायचे. सुमारे साडेतेराशे ट्रॅक्टर बनल्यावर भागीदारी मोडली. पण त्यातलाच एक ट्रॅक्टर घेऊन फर्ग्युसन ऑक्टोबर १९३८ मध्ये डिअरबॉर्नला हेन्री फोर्डच्या घरी गेला. शेतात फोर्डसनशेजारी नांगरून दाखवले, मग टेबलावर चावीच्या छोट्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरने तत्त्व समजावले, आणि दोघांनी हातात हात दिला. कागदावर काही लिहिले गेले नाही. ट्रॅक्टर फोर्डने बनवायचा, अवजारे आणि विक्री फर्ग्युसनची. जून १९३९ मध्ये ‘नाइन एन’ आला, किंमत ५८५ डॉलर, वजन एक टनाच्या आसपास, आणि त्याच्या पहिल्या जाहीर प्रात्यक्षिकात एका आठ वर्षांच्या मुलाने शेत नांगरून दाखवले. बावीस वर्षांपूर्वी ज्या कंपनीच्या ट्रॅक्टरखाली माणसे दबली, तिच्याच ट्रॅक्टरवर आता मूल बसवण्याची हिंमत होत होती. १९४७ पर्यंत या घराण्याचे तीन लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले.

आता दुसरा आक्षेप, आणि इथे मी अर्धी बाजू आक्षेप घेणाऱ्याला देतो. सांधा कारखान्याचा झाला की गिऱ्हाईक त्या सांध्यात अडकते. ट्रॅक्टर घेतला म्हणजे त्या एका कंपनीचा नांगर, तिचाच वखर, तिचेच पेरणीयंत्र. फर्ग्युसनला हे बंधन म्हणजे आपल्या पद्धतीचा भागच वाटत असे. ट्रॅक्टर आणि अवजार एकच यंत्र आहे, तर ते एकाच हातचे असावे, हा त्याचा युक्तिवाद. पण तोंडी करारावर उभ्या असलेल्या या एकीचे काय होते ते लवकरच दिसले. फोर्डच्या नातवाच्या हातात कंपनी आल्यावर करार संपवला गेला, आणि १९४७ मध्ये फोर्डने फर्ग्युसनला वगळून ‘एट एन’ काढला, तोच सांधा पाठीवर ठेवून. फर्ग्युसनने १९४८ च्या सुरुवातीला २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा लावला. खटला चार वर्षे चालला आणि १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर मिटला. तडजोडीचा खरा अर्थ रकमेपेक्षा तिच्या अटींत आहे. फोर्डला लिफ्टच्या पंपाची आणि झडपेची ठरावीक रचना सोडून द्यावी लागली. तीन दांड्यांची मांडणी मात्र त्याच्याकडे राहिली, कारण तिच्या मूळ पेटंटची मुदत तोवर संपली होती. नकळत का होईना, त्या तडजोडीने आतली करणी आणि बाहेरचे माप यांच्यात रेघ ओढली. करणी ज्याची त्याची, मांडणी सगळ्यांची.

ही रेघ लगेच सर्वांना मान्य झाली नाही. फर्ग्युसनचा रस्ता चुकवण्यासाठी इतर अमेरिकी कंपन्यांनी आपापले सांधे काढले: केसचा ‘ईगल हिच’, इंटरनॅशनल हार्वेस्टरचा दोन टोकांचा ‘फास्ट हिच’, ॲलिस-चामर्सचा ‘स्नॅप कपलर’. त्यांतले काही वापरायला खरोखर सोपे होते. पण शेजाऱ्याचा नांगर आपल्या ट्रॅक्टरला लागत नाही, ट्रॅक्टर बदलला की सगळी अवजारे मोडीत, ही अडचण प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला आली. १९५९ मध्ये अमेरिकेच्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेने तीन सांध्यांच्या जोडणीचे प्रमाण ठरवले. खालच्या दांड्यांच्या पिनेचा व्यास, वरच्या पिनेचा व्यास, सांध्यांमधली अंतरे, हे सारे ट्रॅक्टरच्या ताकदीनुसार वर्ग पाडून जाहीर झाले. पहिल्या वर्गात खालची पिन २२ मिलिमीटर आणि वरची १९, दुसऱ्या वर्गात २८ आणि २५. पुढे याच मापांवर आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले आणि भारतीय मानक संस्थेनेही त्याला अनुसरून आपले प्रमाण काढले. वेगळ्या सांध्यांचा जमाना त्यानंतर ओसरला. मला या इतिहासातली सर्वात मोलाची तारीख ही वाटते, १९३९ पेक्षाही. त्यानंतर ट्रॅक्टरच्या पोटातली लिफ्ट प्रत्येक कंपनी आपल्या बुद्धीने सुधारू लागली, आणि कोल्हापूरच्या किंवा लुधियानाच्या छोट्या कारखान्यात बनलेला नांगर जगातल्या कुठल्याही कंपनीच्या त्या वर्गातल्या ट्रॅक्टरला लागू लागला.

मोटारींच्या जगाने हाच धडा फार उशिरा गिरवला. ट्रॅक्टरचे बळ मोजण्याचा कायदा अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने १९१९ मध्येच केला होता. विल्मॉट क्रोझिअर नावाच्या शेतकऱ्याला नावावर भुलून घेतलेला ट्रॅक्टर निकामी निघाला. तो पुढे विधिमंडळात गेला आणि विकायला येणाऱ्या ट्रॅक्टरचा प्रत्येक प्रकार आधी राज्याच्या विद्यापीठात तपासला जाईल, असा कायदा त्याने पुढाकार घेऊन करवला. १९२० पासून सुरू झालेल्या या चाचण्यांत इंजिनाच्या बळासोबत ओढदांडीवर प्रत्यक्ष पोचलेले बळ मोजले जाते, म्हणजे कंपनीचा शब्द सांध्याशी तपासला जातो. पिकअप ट्रकच्या बाबतीत असे काही नव्हते. कोणती गाडी किती वजन ओढते, हे ज्या त्या कंपनीने स्वतःच्या पद्धतीने ठरवायचे आणि जाहिरातीत आकडा फुगत जायचा. अमेरिकेच्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये ‘जे २८०७’ हे समान प्रमाण काढले. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणापासून वर जाणारा ११.४ मैलांचा चढ कडक उन्हाळ्यात, एअर कंडिशनर पूर्ण चालू ठेवून, भरलेल्या ट्रेलरसह ठरलेल्या वेगाखाली न उतरता चढावा लागतो. टोयोटाने २०११ च्या गाड्यांपासून ते प्रमाण स्वीकारले, तेव्हा तिच्या टुंड्रा ट्रकचा जाहीर आकडा खाली आला. गाडी तीच होती, मोजमाप खरे झाले. या घाटात गाडी हरते ती बहुधा हुक तुटून हरत नाही. गिअरबॉक्सचे तेल तापते, रेडिएटर कमी पडतो, ॲक्सलचे दाते चुकीच्या प्रमाणाचे असतात. आणि कारखान्याच्या टो पॅकेजमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी असतात त्या नेमक्या याच: गिअर तेलासाठी वेगळा कूलर, मोठा रेडिएटर, ॲक्सलचे वेगळे गुणोत्तर, सात पिनांची वायरिंग, ट्रेलरच्या ब्रेकशी बोलणारे यंत्र. बंपरखालची चौकोनी नळी ही या सगळ्याची फक्त शेंडी. बाहेरच्या दुकानात ती नळी कारखान्याइतकी, कधी कधी अधिकही, मजबूत मिळते. गाडीच्या पोटातला कूलर आणि ॲक्सलचे दाते मागाहून बदलायचे तर खर्च आणि खटाटोप दोन्ही वाढतात.

बाहेरच्या दुकानदाराची बाजू यावर गप्प बसत नाही, आणि बसू नये. पहिले म्हणजे जड ट्रेलर अडकवला की गाडीची शेपटी बसते आणि तोंड हलके होते, या दुखण्यावर स्प्रिंगच्या दांड्यांनी भार पुढच्या चाकांवर ढकलणारी तोलाची जोडणी सुटे सामान बनवणाऱ्यांनीच रुळवली. ते तत्त्व फर्ग्युसनच्या टॉप लिंकचे जवळचे नातेवाईक आहे, आणि बाहेरची अक्कल कमी नसते याचा हा दुसरा पुरावा. दुसरे, बाहेरची जोडणी लावली म्हणून गाडीची हमी रद्द होईल ही भीती पूर्वी घातली जाई. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानंतर, नुकसान त्या बाहेरच्या भागामुळे झाले असे दाखवल्याशिवाय अमेरिकेत कंपनीला असे म्हणता येत नाही. तिसरे, सगळ्यांना घर ओढायचे नसते. वर्षातून दोनदा छोटी गाडी भरून बागेतला पाला टाकायला नेणाऱ्याने ॲक्सलचे दाते का बदलावेत? हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. बैलांच्या साखळीत मुळात काही खोट नव्हती. ओढीचे बळ आणि वेग वाढले तशी ती अपुरी पडली. हलक्या ओढीला बाहेरची साधी जोडणी शहाणपणाची आहे, आणि ती निर्धास्त लावता येते याचे कारण नळीच्या तोंडाचे आणि गोळ्याचे माप सगळ्यांचे आहे, ते कुणा एका मोटार कंपनीने अडवून ठेवलेले नाही. पण जिथे ट्रेलरचे वजन गाडीच्या वजनाशी बरोबरी करू लागते, तिथे निर्णय गाडी नोंदवतानाच घ्यायला हवा, कारण त्यातला महत्त्वाचा भाग नंतर सहजासहजी बसवता येत नाही.

महाराष्ट्रात हा सगळा इतिहास एकाच ट्रॅक्टरच्या पाठीवर वर-खाली मांडलेला दिसतो. १९६० मध्ये मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर बनवायला मद्रासला टॅफे उभी राहिली, १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत मुंबईत महिंद्राची ट्रॅक्टर कंपनी. एका कंपनीत फर्ग्युसनचा वारसा थेट आला, तर दुसरीची परदेशी भागीदार एकेकाळी त्याच फर्ग्युसनला टाळायला वेगळा सांधा काढणारी. आज दोन्हींच्या पाठीवर तीन सांधे एकाच मापाचे असतात. पलटी नांगर असो वा रोटाव्हेटर, शेजारून मागून आणला तरी पिना बसतात, आणि खोली आपोआप सांभाळणारा ड्राफ्टचा दांडा जिथे नीट वापरला जातो तिथे काळ्या रानातला नांगर आपण होऊन वर-खाली होतो. पण ऊसतोड सुरू झाली की तोच ट्रॅक्टर खालच्या हुकाला ट्रॉली लावून साखर कारखान्याच्या रस्त्याला लागतो. तिथे पुन्हा साखळीचाच जमाना आहे. ट्रॉली गावच्या वेल्डिंगवाल्याने बनवलेली, अनेकदा तिला स्वतःचे ब्रेक नाहीत, आणि एकीमागे दुसरी जोडलेली. हे धंदे चालवणारी माणसे कष्टाळू आहेत, त्यांच्या हातचे लोखंडही कच्चे नाही. उणीव इतकीच, की हुकावर किती भार यावा, उतारावर मागून किती रेटा यावा, याचा हिशेब ट्रॅक्टर बनवणाऱ्याने आणि ट्रॉली बनवणाऱ्याने एकत्र बसून केलेला नसतो. चढावर दोन्ही ट्रॉल्या भरलेल्या असल्या की पुढची चाके जमीन सोडतात, चालक स्टिअरिंगऐवजी मागच्या चाकांच्या वेगवेगळ्या ब्रेकवर दिशा धरतो, तोंड खाली राहावे म्हणून पुढे वजने टांगली जातात. फोर्डसनच्या मडगार्डाइतकाच हा उपाय मनापासूनचा आहे, आणि तितकाच दुखण्यापासून लांबचा. गाडी कारखान्यात पोचते तेव्हा वजनकाट्यावर उसाचा भार किलोपर्यंत नोंदला जातो. हुकाने वाटभर किती भार पेलला, ते मात्र कुठल्याच पावतीवर येत नाही.